रॅकेटची तार आणि तिचा ताण

टेनिस हा खेळ आपल्या समाजाने दीर्घकाळ क्लबच्या कुंपणाबाहेरूनच पाहिला. थोर गोलंदाज बाळू पालवणकर हे तरुणपणी पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात नोकरीस होते. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळ्या उभारणे आणि प्रसंगी टेनिसची कोर्टे आखणे ही त्यांची कामे होती. त्या रेषांच्या आत खेळणारे मात्र दुसरेच होते. आज वसतिगृहातील मुले-मुली रॅकेट हाती धरतात. त्यांतील पुष्कळ रॅकेट माजी विद्यार्थ्यांनी व हितचिंतकांनी भेट दिलेल्या असतात. रॅकेट मिळते, परंतु तिच्या तारेचे ज्ञान तिच्यासोबत येत नाही. म्हणून हा विषय आम्ही अभ्यासासाठी निवडला आहे.

रॅकेट विणण्याला आपल्याकडे ‘गटिंग’ म्हणतात. या शब्दातच इतिहास दडलेला आहे, कारण मूळ तार ही जनावराच्या आतड्यापासून केलेली तात होती. फ्रान्समध्ये बाबोला घराण्याने 1875 मध्ये टेनिससाठी अशी तात तयार केली. आपल्या उपखंडात सियालकोट येथे, आणि फाळणीनंतर जालंधर येथे, क्रीडासाहित्याचा उद्योग वाढला. त्यात मेघ आणि अस्पृश्य गणल्या गेलेल्या इतर जातींच्या कारागिरांचे श्रम मोठ्या प्रमाणावर आहेत. ज्या हातांचा विटाळ मानला गेला, त्यांनीच घडवलेले साहित्य जिमखान्यांत मानाने मिरवले. क्रीडा-इतिहासाच्या पुस्तकांत या गोष्टीला अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही.

आज बाजारात तारेचे मुख्यतः तीन प्रकार मिळतात. खरी तात सर्वांत मऊ असते आणि ताण दीर्घकाळ धरून ठेवते. मात्र ती फार महाग असते आणि दमट हवेत बिघडते. आपल्या पावसाळ्यात ती वसतिगृहाला परवडणारी नाही. दुसरा प्रकार नायलॉनच्या कृत्रिम तातीचा, मऊ आणि स्वस्त. तिसरा पॉलिएस्टरचा, कठीण व टिकाऊ. ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेन याने मानांकन नसताना 1997 ची फ्रेंच स्पर्धा पॉलिएस्टर तारेने जिंकली आणि तेव्हापासून या तारेचा बोलबाला झाला. चेंडूला फिरकी देताना ही तार सरकते आणि झटकन जागेवर परत येते, हे तिचे बळ. परंतु ती आघात फारसा शोषून घेत नाही. तो मनगटातून कोपरापर्यंत पोहोचतो.

संमिश्र गटिंगची गरज येथे निर्माण होते. उभ्या तारा एका प्रकारच्या आणि आडव्या दुसऱ्या, अशी ही योजना. चेंडूचा मुख्य भार उभ्या तारा घेतात, हातास जाणवतात त्या त्याच आणि बहुधा तुटतातही त्याच. त्यामुळे उभी तार कोणती, हा पहिला प्रश्न होय. रॉजर फेडरर याने उभी तात आणि आडवे पॉलिएस्टर वापरले. हाताला मऊपणा आणि चेंडूवर ताबा, दोन्ही साधले. फिरकीचे जोरकस फटके मारून वरचेवर तारा तोडणाऱ्या खेळाडूस याच्या उलट रचना उपयोगी पडते, म्हणजे उभे पॉलिएस्टर आणि आडवी कृत्रिम तात.

ताणाविषयी मात्र सार्वत्रिक गैरसमज आहे. तार जितकी घट्ट तितका फटका जोरदार, असे मुले समजतात. वस्तुस्थिती उलट आहे. सैल तार चेंडूला अधिक वेगाने परत फेकते. घट्ट तारेने वेग घटतो, ताबा वाढतो आणि हाताला बसणारा हिसकाही वाढतो. चौकटीवर 50 ते 60 पौंड असे लिहिलेले असले की गटिंग करणारा सवयीने 55 ओढतो, मग तार कोणतीही असो.

येथे सोण भिक्खूची कथा आठवते. राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण करताना त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले. तो पूर्वी वीणावादनात निपुण होता, म्हणून तथागतांनी त्याला वीणेच्या तारांवरूनच समजावले. या उपमेचा अर्थ ‘दोन टोकांच्या मधला आकडा’ असा पुष्कळदा केला जातो. आम्हांस तो अपुरा वाटतो. तार सुरात लावायची असते, आणि सूर त्या वीणेचा, त्या तारेचा असतो. 55 हा 50 आणि 60 यांचा मध्य खरा, पण तेरा वर्षांच्या मुलीच्या कोवळ्या कोपराचा तो सूर नव्हे.

आमचे मत स्पष्ट आहे. वाढत्या वयाच्या मुलांना संपूर्ण पॉलिएस्टरची रॅकेट देऊ नये. ती टिकते म्हणून संस्थांना स्वस्त वाटते, पण तिची किंमत मुलांच्या कोपराला मोजावी लागते. त्यांच्यासाठी पूर्ण कृत्रिम तात, सुमारे 50 पौंडांवर (अंदाजे 22.7 किलो), हा योग्य आरंभ होय. वारंवार तारा तोडणाऱ्या मोठ्या मुलांना उभे पॉलिएस्टर 48 वर आणि आडवी कृत्रिम तात 50 वर द्यावी. हात दुखू लागल्यास रचना उलटवून उभी मऊ तार 51 आणि आडवे पॉलिएस्टर 49 करावे. दोहोंतील फरक दोन-तीन पौंडांहून अधिक नसावा, अन्यथा चौकटीवर विषम ताण येतो. मध्यभागी लावायचा रबरी तुकडा आवाज कमी करतो. कोपराचे रक्षण तो करीत नाही.

ज्या माजी विद्यार्थ्यांना रॅकेट पाठवायच्या असतील त्यांनी तारेचाही विचार करावा. 200 मीटरची दोन रिळे, एक पॉलिएस्टरचे आणि एक कृत्रिम तातीचे, एवढ्यात सुमारे तीस रॅकेटचे संमिश्र गटिंग होते, कारण प्रत्येकीस दोहोंपैकी सहा-साडेसहा मीटर पुरते. पॉलिएस्टर न तुटताही काही आठवड्यांत निर्जीव होते. आठवड्यातून जितके दिवस खेळ, वर्षातून निदान तितक्या वेळा गटिंग, हा साधा हिशेब ठेवावा. जुनी तार कापताना मध्यापासून बाहेरच्या बाजूस, उभी-आडवी आलटून पालटून कापावी. नवीन तारेचा प्रकार, ताण आणि तारीख रॅकेटच्या गळ्याशी चिकटपट्टीवर लिहावी आणि क्रीडासाहित्याच्या नोंदवहीतही उतरवावी. हे काम मुलांकडेच सोपवावे.