रंगीत चित्रापाशी थांबू नकोस

उद्यमबाग, बेळगाव

चि. माईस,


कॉम्प्युटेशनल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. मेकॅनिकल शिकलेली मुलगी कॉम्प्युटरकडे का वळली, असं आक्का मला विचारत होती. तिला सांग, वाट बदललेली नाही. धातू कसा गोठतो, तुळई किती वाकते, पाणी कुठवर चढतं, यांची समीकरणं जुनीच आहेत. खऱ्याखुऱ्या वेड्यावाकड्या आकारासाठी ती कागदावर सुटत नाहीत, म्हणून त्या आकाराचे लाखो कप्पे पाडून ती यंत्राकडून सोडवून घ्यायची.

आमच्या फाउंड्रीत नवीन येणारी मुलं सिम्युलेशन चालवतात, पडद्यावर लाल-निळं चित्र उमटतं आणि त्यावरून गोठताना जादा धातू पुरवणारा रायझर कुठे बसवायचा ते ठरतं. चित्र देखणं असतं. पण ते उमटण्याआधी सॉफ्टवेअर एक आकडा मागतं: धातूतून वाळूच्या साच्यात उष्णता किती वेगाने जाते? हा आकडा बहुतेक वेळा कोणी मोजलेला नसतो, तयार यादीतून उचललेला असतो. शिवाय कास्टिंग गोठताना आकसून साच्यापासून सुटलं की मधे हवेची फट पडते आणि उष्णतेची वाट अडते. म्हणजे तो आकडा ओतल्यापासून गोठेपर्यंत एकच राहत नाही. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात ते चित्र धोक्याचं आहे.

म्हणून चित्रावर विसंबण्याआधी पेन्सिलीने पडताळा घ्यायची सवय लाव. ख्वोरिनॉव्ह यांचा १९४० चा नियम तुला शिकवला असेलच: गोठायला लागणारा वेळ घनफळ भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात. १०० मिलिमीटरच्या घनाला हे गुणोत्तर १६.७ येतं, २० मिलिमीटर जाडीच्या मोठ्या पाटीला सुमारे १०. म्हणजे घन पाटीच्या जवळजवळ २.८ पट वेळ घेणार. सॉफ्टवेअर यापासून फारच लांबचं उत्तर देत असेल, तर आधी आपण काय भरलं ते तपासायचं.

सॉफ्टवेअर आत काय करतं तेही समजून घे. सुहास पाटणकरांचं नाव मी तुला पूर्वी सांगितलं होतं. पुण्यात इंजिनिअर झाले, आयआयटी मुंबईतून एम.टेक. केलं आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात गेले. तिथल्या स्पाल्डिंग यांच्याबरोबर त्यांनी १९७२ साली मांडलेली ‘सिंपल’ ही रीत आजही ओपनफोमसारख्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. न दबणाऱ्या द्रवाच्या गणितात दाबाला स्वतःचं समीकरण नसतं, ही खरी अडचण. त्यांनी काय केलं? दाब अंदाजाने धरला, त्यावरून वेग काढले, प्रत्येक कप्प्यात आलेलं आणि गेलेलं द्रव्य जुळतं का पाहिलं, आणि जी तफावत राहिली तिच्यावरून दाब सुधारून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचं १९८० चं पुस्तक दोनशे पानांच्या आतलं आहे. कॉलेज सुरू होण्याआधी ते वाच, आणि नुसतं वाचू नकोस, त्यातली एकमितीय उष्णतावहनाची गणितं स्वतः पायथॉनमध्ये लिही. मग हेही हाताला कळेल की जाळी दुपटीने बारीक केली की त्रिमितीत कप्पे आठपट होतात, आणि साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीत वेळेचं पाऊल चौथाईवर आणावं लागतं. एकूण काम ३२ पट! पॅरलल प्रोग्रामिंग अभ्यासक्रमात का असतं, ते मग कोणी वेगळं सांगायला नको.

शिकायला कुठे जायचं, तर माझं मत आधी गेट परीक्षा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. जर्मनीत एर्लांगेन आणि बोखुमला कॉम्प्युटेशनल इंजिनिअरिंग याच नावाचा अभ्यासक्रम आहे. पण तिकडे जायचं तर पदवीच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच बंदिस्त खात्यात दाखवावा लागतो. त्यासाठी निपाणीचं शेत गहाण पडणार असेल, तर माझी संमती नाही. तुझ्या हुशारीबद्दल मला शंका नाही. पण कर्जाच्या ओझ्याखाली मुलं विषय सोडून मिळेल ती पहिली नोकरी धरतात, ते मी पाहिलंय.

प्रबंधाला विषय शोधत लांब जाऊ नकोस. २०१९ आणि २०२१ ला वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा तू निपाणीतच होतीस. ते पाणी किती तासांत कुठवर चढतं, रस्त्याच्या भरावाने ते किती अडतं, हे गणित तुझ्याच विषयातलं आहे. नदीचे काटछेद मिळवायला मात्र कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतील, त्याची तयारी ठेव.

गणपतीला येशील तेव्हा दोन दिवस जादा काढ. एका कास्टिंगच्या साच्यात थर्मोकपल बसवून घेतलेली तापमानाची नोंद माझ्याकडे आहे. तुझा प्रोग्राम त्या वक्राशी कितपत जुळतो ते आपण बसून पाहू. लॅपटॉप आणि पाटणकरांचं पुस्तक घेऊन ये.

तुझा,
मामा