भीतीचे काम काय?

मावशी वर्गाला आल्या, पण पाटी काढीनात. गुरुजींनी विचारले, "काय हो मावशी, बरं नाही का?"

"उद्या बँकेत जायचंय, गुरुजी. अंगठा नको, सही करीन, असं सांगून बसलेय. आता नुसत्या विचारानंच हात कापतोय. छाती धडधडते. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

गुरुजी म्हणाले, "मग आज पाटी राहू द्या. आज आकाशातून उडी मारणाऱ्या माणसांची गोष्ट ऐका."

गुरुजी सांगू लागले.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर पॅराशूट घेऊन आकाशातून उडी मारली. २०१८ साली थायलंडमध्ये तर त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. उंची किती? सुमारे १३ हजार फूट. आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या दुपटीहून जास्त!

इतक्या उंचीवर विमानाचे दार उघडते. खाली शेते पाटीएवढी दिसतात. अशा वेळी शरीरात काय होते?

आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो. तो म्हणजे घरचा राखणदार. धोका दिसला की तो आधी ओरडतो, विचार मागून येतो. ती हाक मूत्रपिंडांपर्यंत जाते. तिथे टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात. त्या रक्तात एक रस सोडतात. त्याचे नाव अ‍ॅड्रिनलिन.

हा रस सगळ्या शरीराला कामाला लावतो. एरवी मिनिटाला ७०-८० ठोके देणारे हृदय १५० च्याही पुढे जाते. श्वास जलद होतो. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, म्हणजे हातापायांना बळ मिळते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पोटाचे काम मंदावते, म्हणून तोंडाला कोरड पडते. तळहाताला घाम येतो, हात कापतात.

"अगं बाई! म्हणजे माझ्यासारखंच की!" मावशी म्हणाल्या.

"अगदी तसंच. शरीराला बँक आणि विमान यातला फरक कळत नाही."

मग माणूस उडी मारतो. दहा-बारा सेकंदांत वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. त्यापुढे वेग वाढत नाही, कारण खालून येणारा वारा वजनाला तोलून धरतो. जत्रेतल्या पाळण्यात पोटात गोळा येतो, तसा इथे फारसा येत नाही. विमान आधीच वेगात असते, त्यामुळे बाहेर पडताच वारा अंगाला रेटू लागतो. असे जवळजवळ मिनिटभर पडल्यावर पॅराशूट उघडायचे.

ते मिनिट फार लांब वाटते. डेव्हिड ईगलमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने २००७ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने माणसांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडले. त्यांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा आपले पडणे सरासरी सुमारे एक तृतीयांशाने लांब वाटले. वेळ काही थांबली नव्हती. भीतीच्या वेळी मेंदू बारीकसारीक गोष्टीही मनात साठवतो, म्हणून मागाहून ती वेळ मोठी वाटते.

आता मुख्य गोष्ट ऐका. फेन्झ आणि एपस्टाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली अमेरिकेत उडी मारणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. नवख्यांचे ठोके उडीच्या क्षणापर्यंत वाढतच गेले. मुरलेल्यांचेही ठोके वाढले. पण ते आधी वाढले आणि उडीची वेळ आली तेव्हा खाली उतरू लागले.

म्हणजे मुरलेल्या माणसालाही भीती वाटते. पण ती लवकर येते आणि आपले काम करून बाजूला होते.

हे कशाने होते? सरावाने. अंग कसे ठेवायचे, उंची कधी बघायची, मूठ कधी ओढायची, हे जमिनीवरच पुन्हा पुन्हा घटवून घेतात. पहिल्या उडीला बहुधा शिकवणारा पाठीला बांधलेला असतो. शिवाय दुसरे पॅराशूट जवळ असते. माणूस गोंधळला तर ते ठरलेल्या उंचीवर आपोआप उघडावे, अशी कळही बसवतात. धीर म्हणजे आंधळेपणा नव्हे. धीर म्हणजे तयारी. हृदयाचा विकार किंवा रक्तदाब असलेल्याने मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय अशा उडीच्या वाटेला जाऊ नये.

जमिनीला पाय लागल्यावरही काही वेळ पाय लटपटतात. रक्तातला रस ओसरायला वेळ लागतो. मग मात्र आनंद होतो, हसू येते.

"आता उद्याचं सांगतो," गुरुजी म्हणाले. "हात कापला तर घाबरू नका. शरीर मदतीला आलंय असं समजा. श्वास सावकाश सोडा, ठोके मंदावतात. आणि सराव आजच करा."

मावशींनी पाटी काढली. पहिली सही वाकडी आली. दहावी सरळ आली. विसावी झाली तेव्हा मावशी म्हणाल्या, "गुरुजी, हात थांबला की हो!"

सांगा पाहू:
१. भीती वाटली की तोंडाला कोरड का पडते?
२. नवख्या आणि मुरलेल्या माणसाच्या भीतीत काय फरक असतो?
३. तुम्हाला कोणत्या कामाची भीती वाटते? त्याचा सराव कसा कराल?