थेंब खाली, गळती वर

सेकंडहँड पिकअपसोबत काय काय घरी येतं, ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं. माझ्या गाडीबरोबर तेलगळती आली. दिंडोरीहून टोमॅटोचे क्रेट भरून पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला जायचं, लिलाव होईपर्यंत गाडी उभी, आणि निघताना खाली काळं थारोळं. गॅरेजच्या मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून थेंब पडत होता. "क्रँकचं मागचं सील गेलं," म्हणाले. सील स्वस्तच असतं, पैसे जातात ते गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवण्यात. ते सगळं झालं, आणि थोड्याच दिवसांत थेंब पुन्हा त्याच जागी.

तेल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे गिअरबॉक्सपाशी टपकणारं तेल टॅपेट कव्हरमधून, ऑइल प्रेशर स्विचमधून किंवा टर्बोच्या नळीतूनही आलेलं असू शकतं. शोधायची असते ती सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा. धूळ आणि तेलाचा थर चढलेल्या इंजिनावर ती कुणालाच दिसणार नाही, म्हणून आधी धुलाई. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अल्टरनेटरवर पिशवी बांधा आणि डीग्रीझर मारून ब्रशनं घासा. पूर्ण वाळल्यावर संशयाच्या जागी घरातली टाल्कम पावडर भुरभुरवा. एक चक्कर मारून या आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट स्वच्छ उमटते. (पावडर कुणाची घ्यायची ते घरात आधी विचारून घ्या.) वर सगळं कोरडं आणि फक्त बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाच्या, आतून इंजिन ऑइल येत असेल, तरच सीलवर खर्च करा.

माझ्या गाडीत वाट टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून निघाली होती. कव्हर उघडलं तर रबरी पॅकिंग उष्णतेनं लाकडासारखं कडक झालेलं, आणि त्यावर आधीच्या कुणीतरी सिलिकॉन पेस्टचा जाड थर दिलेला. हे पेस्टचं प्रकरण फार घातक. बाहेर दिसतो तेवढाच भाग आतही दाबला जातो, सुटतो आणि तेलाबरोबर खाली चेंबरमध्ये, म्हणजे तेल साठतं त्या तळाच्या भांड्यात, पोचतो. तिथे तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते. तीत हे तुकडे अडकले की पंपाला तेल कमी पडतं आणि बेअरिंगं घासतात. चेंबर उतरवलं तेव्हा माझ्या जाळीत तुकडे होतेच. गळतीनं इंजिन लगेच मरत नाही, गळती बुजवायला लावलेली पेस्ट मात्र ते मारू शकते. पॅकिंग नवीन असेल तर पेस्ट लागते ती दोन भागांचा सांधा येतो त्या कोपऱ्यांवर, तीही मोहरीएवढी. बाकी पृष्ठभाग खरवडून, पुसून कोरडा हवा.

कव्हरचे बोल्ट आवळताना जोर दाखवू नका. हे बोल्ट बारीक असतात, आवळायचे साधारण 10 न्यूटन मीटरला, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. लांब पान्यानं पिळलं की अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात, किंवा कव्हर वाकून नवीच गळती सुरू होते. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत आवळा. त्याच बैठकीत ब्रीदरची नळी काढून साफ करा. ती तुंबली की क्रँककेसमधला दाब बाहेर पडायला जागा शोधतो आणि नवं पॅकिंगही तेल सोडू लागतं.

चेंबरसाठी गाडीखाली जावं लागतं. जॅक हा फक्त उचलण्यासाठी. त्याच्या भरवशावर खाली सरकू नका. सपाट, टणक जागा, हँडब्रेक, गिअर, चाकांना पुढून-मागून दगड, आणि चासीखाली दोन स्टँड. विटांची चवड चालत नाही, वजनाखाली वीट फुटते. बाहेर एक माणूस हवाच.

ऑइल फिल्टर बदलाल तर जुन्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना, हे बोटानं चाचपा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की इंजिन सुरू होताच तेलाचं कारंजं उडतं. नव्या रिंगला तेलाचा हात फिरवा आणि फिल्टर हातानंच आवळा. तेल भरताना डिपस्टिकची वरची खूण ओलांडू नका. जास्त तेल क्रँकच्या फिरण्यानं फेसाळतं आणि सीलवर ताण येतो.

उतरवलेलं तेल गटारात किंवा बांधावर ओतू नका. 2016 च्या घातक कचरा नियमांत ते मोडतं. आमच्याकडे वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना ते चोपडतात, आणि पावसात तेच शेतात उतरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या.