कुस्को शेवटी पाहा

माचू पिचू पाहायला पेरूला निघालेल्या बहुतेकांची समजूत अशी असते की, प्राचीन अवशेष डोंगरमाथ्यावर आहेत, म्हणजे उंचीचा त्रास तिथे होणार. कुस्को शहरात हॉटेलं आहेत, दवाखाने आहेत, म्हणून आधी दोन दिवस तिथे विसावा घ्यावा. नकाशा मात्र उलटं सांगतो. माचू पिचू सुमारे २,४३० मीटरवर आहे आणि कुस्को त्याहून जवळजवळ हजार मीटर उंच, सुमारे ३,४०० मीटरवर. म्हणजे साधारण आपल्या लेहइतकं. लिमा समुद्रकाठी, तिथून विमान दीड तासाच्या आत तुम्हाला या उंचीवर नेऊन सोडतं. म्हणून माझा सल्ला असा : कुस्कोला उतरा, पण पहिली रात्र तिथे काढू नका.

कारण शरीराच्या कामकाजात आहे. कुस्कोच्या हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासातून तो कमी मिळतो. शरीर जोरात श्वास घेऊन ही तूट भरू पाहतं. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा आवर घालतो. ही कोंडी मूत्रपिंडं सोडवतात, पण त्यांना दोन-तीन दिवस लागतात. तोवर सगळ्यात वाईट वेळ रात्रीची, कारण झोपेत श्वास आणखी मंदावतो. म्हणूनच दिवसा किती उंच गेलात यापेक्षा झोपलात कुठे याला महत्त्व अधिक. त्रास सहसा पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. दुपारी चौकात हिंडताना काही जाणवलं नाही, यावर विसंबू नका. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, गरगरणं ही त्याची लक्षणं. तिकडे याला ‘सोरोचे’ म्हणतात.

विमानतळावरून थेट गाडीने उरुबांबाच्या खोऱ्यात उतरावं. ओयांतायतांबो सुमारे २,८०० मीटरवर आहे, इंका काळातले भव्य अवशेष गावालाच लागून आहेत आणि माचू पिचूकडे जाणारी रेल्वे तिथूनच मिळते. दुसरी रात्र माचू पिचूच्या पायथ्याच्या गावात, आणखी खाली. कुस्को शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवा. चारच दिवस हाताशी आहेत, ही अडचण इथे आड येत नाही. दिवस तेवढेच लागतात, फक्त क्रम बदलतो. पाच हजार मीटरवरचा ‘इंद्रधनुषी डोंगर’ मात्र एवढ्या छोट्या सहलीत घुसवू नका.

‘आम्ही दर पावसाळ्यात ट्रेक करतो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कुस्कोच्या निम्मीही नाही. शिवाय दमसास आणि उंची सोसण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धडधाकट तरुण उलट पहिल्याच दिवशी धावपळ करून आजारी पडतात. ‘मग गोळी घेऊ’ हे जास्त रास्त. असेटाझोलामाइड मूत्रपिंडांचं तेच काम लवकर सुरू करतं. मोठ्यांसाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून. पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. थेट कुस्कोतच मुक्काम करणं भाग असेल तर ती जरूर विचारात घ्या. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो. त्याने त्रास टळतो असा भक्कम पुरावा नाही, आणि ती पानं भारतात आणणं गुन्हा ठरू शकतो. पहिल्या दोन रात्री मद्य आणि झोपेची गोळी दोन्ही नकोत, कारण दोन्हींनी श्वास मंदावू शकतो.

विदर्भ-खानदेशातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. घरात कुणाला सिकलसेल असेल तर तिकीट काढण्यापूर्वी स्वतःची तपासणी करून घ्या. नुसते वाहक असलात तरी अशा उंचीवर क्वचित प्लीहेला इजा होते. डाव्या बरगड्यांखाली अचानक कळ आली तर अंगावर काढू नका. हृदयाचे, फुप्फुसांचे रुग्ण आणि झोपेत श्वास अडकणारे यांनीही आधी विचारावं.

साधी डोकेदुखी विश्रांतीने आणि पॅरासिटामॉलने एक-दोन दिवसांत ओसरते. तोवर आणखी वर चढू नका. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढत गेला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर फुप्फुसांत किंवा मेंदूत सूज येते आहे असं धरून चाला. प्राणवायू लावून घ्या, आणि सकाळची वाट न पाहता त्याच रात्री माणसाला घेऊन खाली उतरा.