उलटीची भीती : एक दुर्लक्षित विकार

अहवालात जमाखर्चासोबत एखाद्या आजाराची माहिती देण्याचा प्रघात आम्ही ठेवला आहे. यंदाच्या विकाराचे नाव अनेक वाचक प्रथमच ऐकतील. उलटीच्या अतीव भीतीस वैद्यकशास्त्रात 'एमेटोफोबिया' म्हणतात. उलटी कोणालाच प्रिय नसते. परंतु या रुग्णांचे जेवण, प्रवास, शिक्षण, क्वचित मातृत्वाचा निर्णयही या एका भीतीभोवती फिरू लागतो.

हा विकार बहुधा बालपणी किंवा कुमारवयात सुरू होतो व स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. रुग्ण मात्र भीतीची तक्रार घेऊन येत नाही. तो येतो भूक मंदावल्याची, मळमळीची, वजन घटल्याची तक्रार घेऊन. मग रक्ततपासणी, सोनोग्राफी, एण्डोस्कोपी असा क्रम लागतो व सर्व अहवाल निर्दोष येतात. आम्ही वाणिज्य शाखेचे. निदान करणे आमचे काम नव्हे. तथापि एकाच नावावर तपासण्यांची बिले वाढत जातात आणि निष्कर्ष दरवेळी 'दोष नाही' असाच येतो, ही गोष्ट हिशेब पाहणाऱ्याच्याही नजरेत भरते. (वजन घटत असेल, उलट्या थांबत नसतील वा त्यांत रक्त दिसत असेल, तर शारीरिक तपासणी आधी व्हायलाच हवी, याविषयी दुमत नाही.)

घाबरलेल्या माणसाच्या पोटात कालवते. ते भीतीचेच लक्षण असते. रुग्णास मात्र ती उलटीची पूर्वसूचना वाटते. त्यासरशी भीती वाढते व मळमळही वाढते. मग टाळाटाळ सुरू होते. बाहेरचे खाणे, लग्नाची पंगत, घाटातील एस.टी.चा प्रवास, आजारी नातेवाईकाची भेट, सारे एकेक करून सुटते. पर्समध्ये गोळ्या व प्लॅस्टिकची पिशवी सदैव असते. अन्न शिळे तर नाही ना, हे दहादा हुंगून पाहिले जाते. टाळल्याने घटकाभर बरे वाटते आणि 'टाळले म्हणूनच वाचलो' ही समजूत अधिक घट्ट होते.

येथे घरच्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. "मला उलटी होणार नाही ना?" असे मुलगी पुन्हा पुन्हा विचारते आणि आई दरवेळी "नाही गं बाळ, काही होत नाही" म्हणते. हे मायेपोटीच होते. पण तो दिलासा अर्ध्या तासात विरतो व प्रश्न पुन्हा येतो. त्याऐवजी "तुला भीती वाटते आहे हे कळते मला; ती ओसरेपर्यंत मी इथेच बसते" असे म्हणावे, हमी मात्र देऊ नये. हे आईला फार जड जाते. रागावणे किंवा "नखरे पुरेत" म्हणणे मात्र सर्वथा अनुचित.

उपचाराचे मूळ तत्त्व जुने आहे. जोसेफ वोल्पे या मनोविकारतज्ज्ञांनी 1958 च्या आपल्या ग्रंथात भीतीच्या गोष्टीस पायरीपायरीने सामोरे जाण्याची पद्धत मांडली. पुढे तिच्यात विचारांवरील उपचारांची जोड आली. प्रथम 'उलटी' हा शब्द लिहावयाचा, मग मोठ्याने उच्चारावयाचा. त्यानंतर चित्र, आवाज, चित्रफीत. पुढे टाळलेला पदार्थ खाणे, गोळी न घेता बसने जाणे. प्रत्येक पायरी रुग्णाच्या संमतीनेच चढावयाची असते. उलटी मुद्दाम करविली जात नाही. काहींना मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी हा विषय विशेष निकडीचा आहे. या भीतीपायी केमोथेरपी नाकारण्यापर्यंत वेळ येऊ शकते. 1990 च्या दशकापासून ऑन्डॅनसेट्रॉनसारख्या औषधांनी उलट्यांचे प्रमाण पुष्कळ घटले आहे. म्हणून उपचार ठरतानाच ही भीती डॉक्टरांस स्पष्ट सांगावी.

या उपचारास यंत्र लागत नाही. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ, बंद दाराची एक खोली व बरेच आठवडे लागतात. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, समुपदेशनाच्या तासावर ते कोरता येत नाही. तरीही विश्वस्तांनी व देणगीदारांनी या खर्चाचा स्वतंत्र विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

घरबसल्या प्रथम सल्ला हवा असल्यास शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 2022 पासून उपलब्ध आहे. तिचा क्रमांक 14416. रुग्णालयात येणाऱ्यांनी केसपेपर काढताना 'उलटीची भीती' एवढेच सांगावे. खिडकीपाशी चारचौघांत तो शब्द उच्चारणे कठीण वाटल्यास चिठ्ठीवर लिहून द्यावा.