आधी तळ बघ

तू पाठवलेले फोटो काल रात्री मोठ्या पडद्यावर दोनदा पाहिले. कोठारात उभी असलेली १९६५ची मस्टँग, उघड्या टपाची, अंगावर धुळीचा जाड थर, मागच्या सीटवर उंदरांनी केलेलं घर. खाली तू लिहिलंयस, ‘मामा, न चालणाऱ्या गाडीचे एवढे पैसे?’ हो बाबा, एवढेच मागतात आता. मी १९७५ साली डेट्रॉईटला आलो तेव्हा ही गाडी म्हणजे दहा वर्षांची एक जुनी गाडी होती, बाकी काही नाही. हायस्कूलची पोरं ती घ्यायची, हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर पळवायची आणि तळ गळून पडला की भंगारात घालायची. आजचा भाव चढलाय तो त्या भंगारात गेलेल्या गाड्यांमुळे.

मुळात उघड्या टपाच्या, म्हणजे कन्व्हर्टिबल, कमी होत्या. १९६५च्या मॉडेलच्या सुमारे ६ लाख ८० हजार मस्टँग निघाल्या, त्यांत कन्व्हर्टिबल १ लाखाच्या आसपास. पुढच्या वर्षी ६ लाखांत ७२ हजार. त्यात उघड्या टपाची गाडी लवकर कुजते, कारण कापडी हूड कधी ना कधी गळतंच आणि ते पाणी गालिच्याखाली बसून राहतं. उरलेल्यांतल्या बऱ्याच गेल्या चाळीस वर्षांत लोकांनी नव्यासारख्या करून घेतल्या. म्हणजे हात न लागलेल्या गाड्यांचा ढीग दोन्ही बाजूंनी उपसला गेला. त्यात आणखी एक गंमत झाली. पूर्वी ज्या गाडीला आम्ही मेलेली म्हणायचो, तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आता नवा विकत मिळतो. त्यामुळे मेलेली गाडीही दुरुस्त होण्याजोगी ठरली आणि तिच्यावरही किमतीची चिठ्ठी लागली.

हे सगळं खरं असलं तरी तुला देण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे आहे. दुर्मीळ आहे म्हणून पैसे मोजू नकोस, लोखंड कोरडं आहे म्हणून मोज.

बंद टपाच्या गाडीत, म्हणजे कूपेत, छप्पर, खांब आणि तळ मिळून एक पेटी होते. छप्पर काढलंस की ती बुटाचा खोका झाकणाशिवाय धरल्यासारखी पिळवटते. म्हणून कारखान्याने कन्व्हर्टिबलच्या दाराखालच्या आतल्या पट्ट्या, ज्यांना इथे रॉकर म्हणतात, जास्त जाड पत्र्याच्या केल्या आणि पुढच्या सीटखाली तळाला जास्तीची मजबुती दिली. गाडीचा सगळा जोर तिथे आहे. कूपेच्या रॉकरला गंज लागला तर दुखणं असतं, कन्व्हर्टिबलच्या रॉकरला लागला तर पाठीचा कणा गेलेला असतो. वरून गाडी सुंदर दिसत असते.

तेव्हा कोठारात गेलास की इंजिनाकडे वळू नकोस. इंजिनाचं काम कुठेही होतं. मालक बॉनेट उघडून दाखवायला लागेल, त्याला म्हण, थांबा, आधी दारं बघतो. दार उघडताना खाली पडतं का, लावताना वर उचलावं लागतं का ते बघ. दाराच्या मागच्या कडेची फट वर किती, खाली किती ते बोटाने मोज. मग पुढच्या चाकाच्या मागे, तळातल्या मजबूत रेलखाली जॅक लाव आणि चाक जेमतेम सुटेल इतकीच गाडी उचल. दाराची फट बदलली, दार अडकायला लागलं, तर ती गाडी मधून वाकते आहे. तिथून पुढची बोलणी फक्त सुट्या भागांच्या भावाने.

मग काउल. वायपरच्या खाली, काचेच्या पुढे जी जाळी दिसते तिच्या आत दोन पत्र्यांमधली पोकळी आहे. कारखान्यात आतून तिला धड रंग पोचला नव्हता, आणि पानं कुजून तिथेच गंज धरतो. एक बादली पाणी माग आणि सावकाश त्या जाळीत ओत. कुणाला तरी आत पायाजवळ टॉर्च घेऊन बसव. पाणी फेंडरच्या मागून जमिनीवर आलं तर उत्तम. तुझ्या माणसाचे बूट भिजले तर काउल गेलं, आणि ते दुरुस्त करायचं म्हणजे दीडेकशे स्पॉट वेल्ड एकेक करून छिद्रून दोन्ही पत्रे सुटे करायचे. मी ते काम एकदा केलंय. पूर्ण एक हिवाळा गेला.

लोहचुंबक घेऊन जा, पण त्याला पातळ कापड गुंडाळ, रंगावर ओरखडा पडला तर मालक बिथरतो. जिथे चुंबक सैल धरतं तिथे खाली लांबी भरलेली आहे. पत्रा हाताने बघायचं मला पुण्यात नाना पेठेतल्या एका डेंटरने शिकवलं होतं. तो डोळे मिटून, हातात सुती फडकं धरून तळवा लांबवर फिरवायचा. बोटांनी चाचपू नको म्हणायचा, बोट खड्डा शोधतं, तळव्याला लाट कळते. इथे आल्यावर माझा पहिला फोरमन होता हॅमट्रॅमकचा एक पोलिश म्हातारा. तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत जायचा आणि नुसतं ऐकायचा. चांगला पत्रा खणकतो. कुजलेला किंवा डांबर फासलेला पत्रा भद्द वाजतो. त्या दोघांची भेट कधी झाली नाही, पण मी आजही एका हाताने एकाचं आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याचं काम करतो.

डांबराचं मुद्दाम सांगतो. १९९१ साली मी एक १९६६ची कन्व्हर्टिबल घेतली. खाली वाकून पाहिलं, तळ काळाभोर, गुळगुळीत. विकणाऱ्याने सांगितलं, गंजू नये म्हणून लावलंय. मी ठोकून पाहिलं नाही, कारण ताई आणि भाऊजी त्याच आठवड्यात इथे यायचे होते आणि त्यांना उघड्या गाडीतून फिरवायची मला घाई झाली होती. घरी आणून डांबर खरवडलं तर खाली फायबरग्लासचं कापड आणि त्याखाली रिव्हेट मारलेला सायनबोर्डाचा पत्रा निघाला. तुझी आई त्या गाडीत कधीच बसली नाही. दोन वर्षांनी ती मी सुट्या भागांत विकली. त्याचं दुःख पैशांपेक्षा त्या राहिलेल्या फेरीचं जास्त आहे. ताजं काळं डांबर दिसलं की तू तिथे ठोकायचंसच.

आता नंबर. कन्व्हर्टिबलचा भाव जास्त म्हणून कूपेचं छप्पर कापून केलेल्या गाड्याही बाजारात फिरतात, आणि छप्पर कापलेल्या कूपेच्या तळात ती जाड पट्टी नसते. हे ओळखायला त्या काळचा फोर्डचा नंबर वाचता यायला हवा. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या मस्टँगवरूनच शिक. तिचा नंबर ५एफ०८एफ१००००१. पाच म्हणजे १९६५, एफ म्हणजे डियरबॉर्नचा कारखाना, ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल, पुढचा एफ म्हणजे २६०चं व्ही-८ इंजिन, आणि मग अनुक्रम. ती पांढरी गाडी विकायची नव्हती, पण कॅनडात न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्समध्ये एका वैमानिकाने ती घेऊन टाकली. पुढे दहा लाखावी मस्टँग देऊन फोर्डने ती परत मिळवली. आज ती डियरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. पुढच्या वेळी आलास की दाखवीन. तुझ्या गाडीच्या नंबरात ०७ असेल तर ती कूपे होती, ०९ असेल तर फास्टबॅक, मग मालक काहीही सांगो. दारावरच्या पट्टीवर विसंबू नकोस, ती पट्टी नवी छापून मिळते. बॉनेट उघड, डाव्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर शोध आणि मालकीच्या कागदाशी, म्हणजे टायटलशी, अक्षर-अक्षर जुळव. कागद नाही, हरवलाय, नंतर देतो, असं काही ऐकलंस तर आभार मानून गाडीत बस आणि घरी ये. एका गाडीचा नंबर काढून दुसऱ्या सांगाड्यावर चढवणं हा या देशात संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. भाव चढले तसे हे प्रकारही वाढले.

नुसत्या कन्व्हर्टिबलचेच असे जे भाग असतात, ते सगळे जागेवर आहेत का हे मोजून लिहून घे. हुडाचा लोखंडी सांगाडा, त्याच्या बिजागऱ्या, विजेवर चालणारं हूड असेल तर पंप आणि दोन्ही बाजूंचे सिलिंडर, मागच्या खिडक्यांच्या काचा आणि त्यांची यंत्रणा, विंडशील्डच्या वरची चौकट. हुडाचं कापड फाटकं असलं तरी चालेल, कापड नवं मिळतं. सांगाडा वाकलेला किंवा गायब असेल तर कूपेचा कुठलाही भाग तिथे बसत नाही, आणि ज्याच्याकडे जुना सांगाडा आहे त्याला त्याची किंमत नीट माहीत असते.

किंमत कशी ठरवायची? शेवटाकडून मागे ये. रस्त्यावर छान चालणारी, प्रदर्शनाची नव्हे, तशीच गाडी आज कितीला मिळते ते शोध. त्यातून पत्रा-वेल्डिंग, रंग, क्रोम, हूड, सीट, वायरिंग, ब्रेक, इंजिन वजा करत ये. मग एकूण खर्चाचा एक तृतीयांश अजून काढ, कारण पत्रा कापल्यावर आतून काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं. हात कामगाराचे असतील तर पूर्ण कामाला हजार तास सहज जातात, आणि इथला तासाचा दर तुला माहीत आहे. खाली उरेल तो तुझा आकडा. बहुतेक वेळा शून्याच्याही खाली जातो. त्याचा अर्थ एवढाच की काम स्वतःच्या हातांनी करायचं असेल आणि ती वर्षं तुला हवी असतील तरच ही गाडी घे. मला ती वर्षं हवी होती. इंग्लंडात एमजीबी नावाच्या जुन्या गाडीची तर १९८८पासून नवी कोरी बॉडी मिळते. अशा वेळी कुजलेल्या एमजीबीला नव्या बॉडीपेक्षा जास्त मागणाऱ्याशी घासाघीस कशाला करायची? मस्टँगच्या नव्या पत्र्यांची यादीही तशीच समोर ठेवून बोल.

उद्या भाव अजून चढेल म्हणून आज घे, असं तुला लोक सांगतील. त्यांना १९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो आठवत नाही. ही अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल, यापुढे कुणी बनवणार नाही, असं सांगून त्या वर्षी १४ हजार विकल्या गेल्या. आमच्या गल्लीत दोघांनी घेतल्या, एकाने तर सीटवरचं प्लास्टिकही काढलं नाही. १९८२ साली क्रायस्लरची लेबॅरन उघड्या टपासकट आली, १९८४ला कॅडिलॅकनेच पुन्हा कन्व्हर्टिबल काढली. गुंतवणूक म्हणून एल्डोराडो घेणारी लोकं कोर्टात गेली. शेजाऱ्याची ती गाडी नंतर वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली होती. मला वाटायचं, निदान एखाद्या उन्हाळ्यात तरी चालवायची होती.

आणि समज, देवाच्या कृपेने गाडी खरंच कोरडी निघाली, रंग मूळचा, सीट मूळच्या, नंबर जुळणारे. मग काहीच करू नकोस. धुऊसुद्धा नकोस. आधी फोटो काढ, प्रत्येक स्टिकर, खडूची प्रत्येक खूण, हातमोज्यांच्या कप्प्यातली प्रत्येक पावती. पॅरिसमध्ये २०१५च्या फेब्रुवारीत बायों कुटुंबाच्या शेडमधून निघालेल्या गाड्यांचा लिलाव झाला. त्यांत एक उघडी फेरारी होती, कॅलिफोर्निया स्पायडर, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडलेली. धुळीसकट मांडली आणि १ कोटी ६० लाख युरोंहून जास्तीला गेली. तुझी मस्टँग फेरारी नाही, पण तिलाही ते लागू पडतं. जो रंग एकदा खरवडलास तो १९६५चा रंग परत आणता येत नाही, आणि आता लोक त्याचेच पैसे मोजतात. ब्रेक, टायर, पेट्रोलची टाकी, नळ्या, एवढं सुरक्षित कर आणि चालव.

पण तळ कापायची वेळ आलीच, तर मला विचारल्याशिवाय ग्राइंडर लावू नकोस. दारं जागेवर हवीत, गाडी स्वतःच्या चाकांवर किंवा चाकांच्या जागी टेकवलेली हवी, आणि दाराच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी नळ्या वेल्ड करून आधार दिलेला हवा. एका वेळी एकच रॉकर. कापण्याआधी आणि वेल्ड केल्यानंतर टेपने दोन्ही कर्ण मोजायचे. हे न केलेली एक गाडी मी पाहिली आहे, तिची दारं पुन्हा कधी लागली नाहीत.

ओहायोच्या मिठातली गाडी आहे, त्यामुळे माझा अंदाज फार आशेचा नाही. मालकाला विचार, ती आधी कुठे होती. ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियाचा एखादा जुना कागद निघाला तर मला लगेच फोन कर. उन्हाने सीट आणि डॅशबोर्ड जळालेले असतात तिथल्या गाड्यांचे, पण तळ खणखणीत असतो.

शनिवारी जातोयस ना? शुक्रवारी रात्रीच निघून मी तुझ्याकडे येतो. फ्लोअर जॅक आणि लाकडी ठोकळे माझ्या गाडीत टाकलेत. तू बादली, टॉर्च आणि जुने बूट तेवढे घे.