कचेरीच्या कामाला स्वस्त लॅपटॉप पुरेल का?

समजा, बुलढाणा जिल्ह्यातील एका शाळेच्या कार्यालयासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे आणि शाळेच्या हाती तीस हजार रुपयेच आहेत. दुकानदार प्रोसेसरचे नाव सांगतो, जीबीचे आकडे सांगतो, शेवटी किंमत सांगतो. निवड चुकली तर पुढची चार-पाच वर्षे ती लेखनिकाला भोगावी लागते, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी खिडकीशी ताटकळणाऱ्या पालकांनाही. तेव्हा यंत्र क्षणभर बाजूला ठेवू आणि आधी काम मोजू.

मराठी टंकलेखनाची पहिली शासकीय परीक्षा मिनिटाला ३० शब्दांची असते. एका शब्दाला सरासरी ६ बटणे धरली, तर मिनिटाला १८० म्हणजे सेकंदाला ३ बटणे दाबली जातात. अगदी साध्या प्रोसेसरचे घड्याळही सेकंदाला १०० कोटी ठोके देते. म्हणजे एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत त्याला सुमारे ३३ कोटी ठोक्यांची सवड मिळते! आता मजकुराची जागा पाहू. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘बुलढाणा’ या शब्दात काना-उकार धरून ७ चिन्हे आहेत, म्हणून २१ बाइट. दोन हजार चिन्हांचे पत्र ६,००० बाइटांत बसते आणि नुसता मजकूर धरला तर एका जीबीत अशी दीड लाखाहून अधिक पत्रे मावतात.

मग स्वस्त लॅपटॉप अडखळतो कशाने? कारण कार्यालय नुसती पत्रे लिहीत नाही. शालार्थचे वेतनाचे पान उघडे असते, विद्यार्थ्यांच्या नोंदींचे संकेतस्थळ उघडे असते, शेजारी पोषण आहाराचा तक्ता असतो, आणि पंचायत समितीकडून आलेले परिपत्रक वेगळ्याच खिडकीत. यांतले प्रत्येक पान रॅम नावाच्या स्मृतीत जागा अडवते. रॅम म्हणजे लेखनिकाचे टेबल आणि साठवण म्हणजे मागचे कपाट, असे समजा. टेबल भरले की एक कागद कपाटात ठेवल्याशिवाय दुसरा काढता येत नाही. संगणकही हेच करतो. आजची विंडोज ११ ही प्रणाली चालू होऊन स्वस्थ बसली, तरी साधारण अडीच-तीन जीबी रॅम व्यापते. ४ जीबीच्या यंत्रात मग कामाला उरते ते किती, हे तुम्हीच सांगा. कंपनी ४ जीबी ही किमान अट सांगते. ती प्रणाली चालण्याची अट आहे, कार्यालय चालण्याची नव्हे. माझ्या मते ८ जीबीच्या खाली उतरू नये. स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम पुष्कळदा मुख्य पट्टीवर डाखलेली असते व नंतर वाढवता येत नाही. तेव्हा रॅमसाठी रिकामा खाचा आहे का, हे आधी विचारावे.

आता कपाटाकडे वळू. जुन्या लॅपटॉपमधील फिरती हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचक-टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. टोक योग्य वर्तुळावर सरकण्यास त्याहून जास्त वेळ जातो. एकूण १५ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला विखुरलेल्या ६०-७० नोंदीच हाती येतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तेथे एका नोंदीस साधारण दशांश मिलिसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला दहा हजार. दहा वर्षांच्या जुन्या यंत्रात नुसती एसएसडी बसवली की ते तरतरीत का होते, ते यावरून कळेल. अतिस्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी नावाची चिप असते. ती हार्ड डिस्कपेक्षा चपळ, पण चांगल्या एसएसडीहून मंद असते. शिवाय ती ६४ जीबीची असली, तर प्रणालीच्या सुधारणांनीच भरत येते.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्या यंत्रावर विंडोज ११ बसत नाही, त्यावर शिक्षकांच्या पगाराची कामे करणे धोक्याचे.

आपल्या जिल्ह्यात एक वेगळी परीक्षाही असते. घाटावरच्या बुलढाण्यात मे महिना त्या मानाने बरा, पण घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे पत्र्याच्या खोलीत ४२ अंश ही नवलाची गोष्ट नाही. न्यूटनचा शीतलनाचा नियम आठवा: उष्णता बाहेर जाण्याचा वेग तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. प्रोसेसर ९० अंशांवर व खोली २५ अंशांवर असेल तर फरक ६५. खोली ४२ अंशांवर गेली की ४८. म्हणजे उष्णता जवळजवळ चतुर्थांशाने कमी बाहेर पडते. प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो. कमी वीज खाणारा साधा प्रोसेसर अशा खोलीत मोठ्या नावाच्या प्रोसेसरपेक्षा गुण्यागोविंदाने चालतो, ही मोठी गंमत आहे.

वीज गेल्यावरचा हिशेब सोपा आहे. बॅटरी ४० वॅट-तासांची आणि खर्च ८ वॅट असेल तर ५ तास. बॅटरी जुनी होऊन ३२ वॅट-तास उरले की ४ तास. डेस्कटॉपला यासाठी वेगळा यूपीएस लागतो.

लॅपटॉपला सरसकट चांगला किंवा वाईट ठरवता येत नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचा ‘एक्सओ’ लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात एका छोट्या शाळेतील मुलांना दिला गेला होता. रॅम अवघी २५६ एमबी, साठवण १ जीबी; पण पडदा भर उन्हात वाचता येई आणि बटणांवर धूळ-पाण्यापासून बचाव करणारे रबराचे आवरण होते. अंगणात शिकणाऱ्या मुलांसाठी त्याची आखणी उत्तम. तोच पगारपत्रकाच्या टेबलावर ठेवला असता तर लेखनिकाने कपाळाला हात लावला असता.

आता प्रयोग. शाळेतील विंडोजच्या संगणकावर रोजची सगळी पाने आणि तक्ते एकदम उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात रॅम किती वापरली गेली, प्रोसेसर टक्क्यांत किती गुंतला आणि डिस्क किती, हे वहीत लिहा. दर दहा मिनिटांनी एक, अशा सहा नोंदी घ्या. प्रोसेसर बहुतेक वेळ दहा-वीस टक्क्यांवर आणि रॅम मात्र नव्वदीला टेकलेली दिसली, तर पैसे कोठे घालावेत हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.

दुकानात जाताना ही वही व एक मोठा तक्ता पेनड्राइव्हवर घेऊन जा. तक्ता तेथील लॅपटॉपवर उघडून खुर्चीच्या बाजूने आणि नंतर कडेला उभे राहून वाचा. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यापेक्षा १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर जवळजवळ दुप्पट बिंदू असतात. तक्त्याचे किती रकाने एकदम दिसतात ते मोजा. मग लेखनिकालाच बसवून पानभर मराठी टंकन करू द्या. बटणे त्याच्या बोटांना पटली पाहिजेत. शेवटी दुरुस्ती खामगावात होते की यंत्र अकोल्याला पाठवावे लागते, तेवढे बिलावर शिक्का बसण्याआधी विचारून घ्या.